हिरामणअप्पा आणि थोरली

हिरामणअप्पांनी आपल्या एकुलत्या एका मुलीचं कन्यादान गमबूट घालून केलं.

मी त्या लग्नाला होते. आम्ही सोसायटीत नुकतेच राहायला आलो होतो, कुणाशी धड ओळख नव्हती, म्हणून पुढच्या रांगेत गंभीर चेहरा करून बसले होते. समोर पाटावर अप्पा. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, पांढरंशुभ्र धोतर आणि त्या धोतराखाली गुडघ्यापर्यंत काळे रबरी बूट. गुरुजी पळी खाली ठेवून बसले होते.

"यजमान, पादत्राणं काढा."

"पादत्राण न्हाय गुरुजी, रबर हाय," अप्पा म्हणाले. "मांडवाचे खांब लोखंडाचे. वर माळा विजेच्या. आन् तुमी हातावर पाणी सोडणार. लोखंड, पाणी आन् वीज, तिघं बी एकाच मांडवात! आता कुणाचं लगीन लागंल आन् कुणाचं उरकंल, सांगता येतंय का?"

मंडळी हसली. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांनी वर माळांकडे पाहिलं, शेजारच्या खांबाकडे पाहिलं, आणि स्वतःचे उघडे पाय हळूच मांडीखाली ओढून घेतले. शेवटी गजराकाकूंनीच, म्हणजे अप्पांच्या बायकोने, दात आवळून तोड काढली. "गुरुजी, त्या बुटांवर शिंपडा पाणी आन् उरका. ह्ये न्हाय काढायचे." गुरुजींनी दर्भाने बुटांवर पाणी शिंपडलं, बूट पवित्र झाले आणि कन्यादान पार पडलं.

अप्पांची भीती अशी होती. आपण हसता हसता ती आपल्यालाही लागायची.

तो काळ आयटीचं वारं नुकतं सुटल्याचा. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची नोकरी करत होते. नारायण पेठेतल्या दोन खोल्या सोडून आम्ही बिबवेवाडीच्या पुढे, टेकडीपलीकडे फ्लॅट घेतला. गाव महापालिकेच्या हद्दीत आलं होतं. महापालिकेचं पाणी यायचं होतं. सोसायटीचं नाव सिलिकॉन हाइट्स. हाइट एकूण चार मजले. जमीन अप्पांच्या भावांची होती; भाऊ ती देऊन नवी बांधकामं करायला दुसरीकडे निघून गेले. अप्पांच्या वाट्याला तळमजल्यावरचा एक फ्लॅट आला आणि कंपाउंडपलीकडचं शेत त्यांच्याकडे राहिलं. ते शेतही त्यांनी आनंदाने देऊन टाकलं असतं. पण एक तर गजराकाकू ऐकेनात, आणि दुसरं म्हणजे त्या शेताला गिऱ्हाईक नव्हतं. शेतावरून थोरली जात होती.

थोरली म्हणजे कोण, हे मला अप्पांनीच समजावलं. त्यांच्या मते जगात विजा तीन, सख्ख्या बहिणी. घरात दिवे लावते ती धाकटी. शेतातल्या मोटरीला लाकडी खांबांवरून येते ती मधली. आणि उंच लोखंडी मनोऱ्यांवरून, गावाकडे ढुंकूनही न बघता जाते ती थोरली.

"धाकटी चावती," अप्पा बोट दुमडत सांगायचे, "मधली पाडती. आन् थोरली..." इथे ते वर बघायचे आणि आवाज खाली आणायचे. "तिचं नाव घ्यायचं न्हाय."

नाव त्यांनीच ठेवलेलं होतं. तरी घ्यायचं नाही.

धाकटीशी त्यांचा व्यवहार लाटण्याने चालायचा. घरातला कुठलाही दिवा लावायचा तर अप्पा हातभर लांब उभं राहून लाटण्याच्या टोकाने बटण दाबायचे. "पोळपाट मांडून बसावं तर लाटणं बटनापाशी," ही काकूंची कायमची तक्रार. दारावरची बेल त्यांनी काढून टाकली होती. आभाळ भरून आलं की फ्रिजसकट सगळ्याच्या पिना उपटून दोघं अंधारात बसायचे. म्हणजे अप्पा बसायचे. काकू मेणबत्ती घेऊन निवांत भाजी निवडायच्या.

आमचे चेअरमन पटवर्धनकाका बँकेतून निवृत्त झाले होते आणि उरलेलं सगळं चैतन्य त्यांनी सूचनाफलकाला वाहिलं होतं. आम्ही आलो त्याच महिन्यात फलकावर नवी सूचना लागली: "गमबूट घालून जिन्यात धपधप करू नये. तळमजल्यावर राहणाऱ्यांस वरच्या जिन्यात मुळात काय काम असते, हा वेगळा प्रश्न."

काम होतं. चौथ्या मजल्याच्या जिन्यात, माझ्या दारासमोर, एक खिडकी होती. तिथून सगळं शेत दिसायचं. अप्पा दिवसातून कितीदा तरी वर यायचे, खिडकीशी उभे राहायचे. मी दार उघडलं की बातमी मिळायची.

"आज थोरली गुणगुणतीया, म्याडम."

धुकं असलं की, "आज चिडलीय. ऐका."

खरंच ऐकू यायचं. कढईत काहीतरी मंद तळत ठेवल्यासारखा चर्र आवाज, पण आकाशातून. माझ्या नवऱ्याने एकदा त्यांना समजावलं की हवा दमट असली की अशा मोठ्या तारांतून आवाज येतो, त्यात विशेष काही नाही.

"म्हंजी चिडती," अप्पा म्हणाले. "मी तरी दुसरं काय म्हनलं?"

बसस्टॉपकडे जायची आमची पायवाट अप्पांच्या बांधावरून, थोरलीखालून जायची. अप्पा स्वतः त्या वाटेने कधीही गेले नाहीत. स्वारगेटला जायचं तरी सगळ्या गावाला वळसा घालून डांबरी रस्त्याने जायचे. पण सकाळी वाटेच्या अलीकडच्या टोकाला उभं राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांना सूचना द्यायचं काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. सायकलवाल्याला खाली उतरवायचं. गवतवालीला विळा पाटीत टाकायला लावायचा. माझ्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र असायचं, चकचकीत साखळीला अडकवलेलं.

"म्याडम, साखळी काढा."

"अहो अप्पा, ती किती उंच आहे!"

"ती उंच हाय. तिचा हात लांब हाय."

मी हसून तशीच जायची. मग एका पावसाळी सकाळी, थोरली चिडलेली असताना, मी छत्री उघडून त्या वाटेने निघाले. मध्यावर आले आणि छत्रीच्या काडीतून माझ्या बोटाला टचकन काहीतरी चावलं. मुंगी चावावी तेवढंच. पण वर आकाशातला तो चर्र आवाज, बोटावर ती मुंगी, आणि हातावरचे केस एकेक करून उभे राहताना मला दिसत होते. मी छत्री मिटली आणि उरलेली वाट भिजत, जवळजवळ पळत गेले. मागे वळून पाहिलं तर अप्पा पावसात उभे होते. चाळीत नवं बिऱ्हाड आल्यावर जुना भाडेकरू हसतो, तसे हसत होते.

काकूंना हे काहीच लागू नव्हतं. त्या रोज सकाळी खुरपं घेऊन शेतात जायच्या आणि बरोबर थोरलीखालीच मेथी, कोथिंबीर आणि थोडी शेवंती करायच्या. कुंपणाच्या तारेला हात लागून मुंग्या आल्या की पदराला हात पुसायचा, "चावरं मेलं" म्हणायचं आणि पुढच्या वाफ्याकडे वळायचं. अप्पा बांधावरून नाहीतर माझ्या खिडकीतून ओरडायचे, "अगं ए, हायस न्हवं?" खालून कुठून तरी उत्तर यायचं, "हाय!" ते यायला जरा उशीर झाला की अप्पांचा चेहरा बघवत नसे.

अशात एक दिवस शेतात पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं आली. तिपाईवर दुर्बीण लावून त्यांनी इकडून तिकडे पाहिलं, दगडांवर लाल रंगाच्या खुणा केल्या आणि गेली. आठवड्याभरात गावाला कळलं की थोरलीच्या शेजारून आणखी एक लाइन जाणार. नव्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यांना वीज हवी होती.

"तुमच्या हापिसात गार हवा सोडत्यात न्हवं?" अप्पांनी मला विचारलं.

"हो. का?"

"काय न्हाय. ती आमच्यावरनं जाती."

टोमणा होता की नुसती माहिती, मला कळलं नाही. त्या दिवशी ऑफिसात मी शाल पांघरून बसले होते.

गावच्या शाळेत सभा झाली. वीज मंडळाचे साहेब आले होते, नकाशा आणला होता. सोसायटीतर्फे पटवर्धनकाका आणि मी गेलो. मला वाटलं होतं भांडणं होतील. झालं ते वेगळंच. लोक उठायचे, एखादं वाक्य बोलायचे आणि घाबरून खाली बसायचे. एक म्हातारी म्हणाली, तारेखाली म्हैस उभी राहत नाही, दावं तोडते. एकाच्या चिंचा तोडायच्या होत्या, त्याच्या आज्याने लावलेल्या. दुसऱ्याने विचारलं, "मनोऱ्याच्या पायापुरती जागा धरता सायेब, मग तारंखालची जमीन काय हवंत हाय? तिच्यावर घर बांधू देनार न्हाय, झाड लावू देनार न्हाय. मग माझी म्हनून काय ऱ्हायलं?"

मग मागून एक पोटुशी सून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरत तिने विचारलं, "पोटातल्याला काय व्हतंय का?"

सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. साहेब समजूतदार होते. म्हणाले, "ताई, तसा काही पुरावा नाही."

"पुरावा व्हायला आमच्यातलंच कुनीतरी लागंल न्हवं?" ती म्हणाली आणि खाली बसली.

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला. तेवढ्यात अप्पा उठले. "सायेब, लाइन सुरक्षित हाय म्हन्ता. मग तुमी खुर्ची घिऊन या माझ्या शेतात. थोरलीखाली बसू, च्या पिऊ, घटकाभर. मी बी येतो. आजवर कधी गेलो न्हाय, पन तुमी आला तर येतो."

"नक्की येईन," साहेब हसून म्हणाले.

साहेब आले नाहीत. त्यांचा एक ज्युनिअर आला, तिन्हीसांजेला, बिचारा मोटरसायकलवरून. अप्पांनी त्याच्यासाठी तयारी करून ठेवली होती. काकू शेताच्या मधोमध उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात आमच्या जिन्यातली एक ट्यूबलाइट होती. नुसती नळी. वायर नाही, काही नाही. अप्पा बांधावरून ओरडले, "धर उभी!"

काकूंनी नळी उभी धरली आणि ती पेटली. पांढरी, फिकट, थरथरती. अंधारत चाललेल्या शेतात एक नऊवारीतली बाई हातात उजेडाची काठी घेऊन उभी होती आणि हसत होती. बांधावर गाव जमलं होतं. कुणीही हसलं नाही. माझ्या शेजारच्या बाईने मुलाला कडेवर उचलून घेतलं.

"ह्याला इंडक्शन म्हणतात," ज्युनिअर म्हणाला. "हे असं होतंच. यात धोका नाही." तो खोटं बोलत नव्हता, माझ्या नवऱ्यानेही घरी तेच सांगितलं.

"नाव ठिवलं म्हंजी भ्या जातंय का?" अप्पा म्हणाले. मग एकदम त्यांचा आवाज चिरकला. "बास! बास झालं! ठिव ती खाली, ये हिकडं!" प्रयोग त्यांचा होता, पण सगळ्यांत जास्त तेच घाबरले होते.

गावाने अर्ज केले, हेलपाटे घातले. शाळेवरून जाणारी लाइन बाजूला सरकली, हे खरं. अप्पांच्या शेतावरची सरकली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला मनोरे उभे राहिले आणि तारा ओढायला माणसं आली.

त्या सकाळी मला सुट्टी होती. अप्पा खिडकीशी उभे होते. शेताजवळ जायची त्यांची छाती होत नव्हती आणि खाली घरात बसवत नव्हतं. वर मनोऱ्यांवर माणसं बसलेली, खाली दोरखंड ओढणारे, आणि या सगळ्यात काकू आपल्या कोथिंबिरीला पाणी देत होत्या. पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यांतून चमकत होतं.

"तिला सांगितलं आज जाऊ नगंस," अप्पा म्हणाले. "तर म्हनती, पाण्याची पाळी हाय."

मी त्यांना चहा आणून दिला. त्यांनी बशी तोंडाला लावली आणि तेवढ्यात बाहेर सपकन आवाज झाला. वरून एक दोर सुटला होता. तो साप पडावा तसा वळवळत खाली आला आणि मधलीच्या तारांवर पडला. एक खांब कलला. तार तुटताना जो आवाज झाला तो मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. तारेचं एक टोक निळ्या ठिणग्या उडवत ओल्या वाफ्यांत येऊन पडलं. दोर ओढणारी माणसं चारी दिशांना पळाली.

बशी माझ्या पायाशी फुटली होती आणि अप्पा दोन मजले खाली पोचले होते.

मी बांधावर पोचले तेव्हा ते अगदी कडेला उभे होते. काकू आणि बांध यांच्या मधल्या वाफ्यात ते टोक पडलं होतं. पाण्यात चुरचुरत होतं, बारीक वाफ निघत होती. पाणी प्यायला आलेला एक बगळा त्याच्याजवळ उतरला आणि उतरल्या जागी आडवा झाला. पंखसुद्धा फडफडले नाहीत. एकच तार तुटली होती, बाकीच्यांवर मोटर चालूच होती. शेडमधून तिची घरघर येत होती. तारा ओढताना खालची वीज बंद ठेवायला हवी होती. ती का नव्हती, हे पुढे सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवून सांगितलं.

काकूंचे पाय घोट्यापर्यंत चिखलात होते. त्यांनी आमच्याकडे यायला एक पाय उचलला.

"हलू नको."

मला वाटलं दुसरंच कुणी बोललं. अप्पांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"पाय ठिव खाली. हां. आता दोन्ही पाय जुळव. टाच टाचंला लाव. पाय फाकलं की ती एकातनं चढती आन् दुसऱ्यातनं उतरती."

"अवो, ती मोटर तेवढी बंद करून येते..."

"गजरा," अप्पा म्हणाले.

बायकोला त्यांनी नावाने हाक मारलेली गावाने ऐकली नव्हती. काकूंनीही बहुतेक फार वर्षांत ऐकली नसावी. त्या पाय जुळवून उभ्या राहिल्या.

माझ्याकडे ऑफिसने दिलेला मोबाइल होता, विटेएवढा. मी तक्रारीचा नंबर फिरवत होते. एंगेज. पुन्हा एंगेज. पटवर्धनकाका बनियनवर, हातात वर्तमानपत्र घेऊन तावातावाने आले, बहुधा आवाजाबद्दल बोलायला. त्यांनी तार पाहिली, बगळा पाहिला, काकू पाहिल्या. आल्या पावली वळले. पाठोपाठ त्यांच्या स्कूटरला किक मारल्याचा आवाज आला. गावच्या वेशीजवळ डीपी, म्हणजे फ्यूजची पेटी होती, तिथून ती लाइन बंद करता येणार होती, वायरमन सापडला तर.

अप्पा बोलत होते.

"सकाळी पिठलं केलंवतंस त्यात मीठ जास्त झालतं."

"मग तवा का न्हाय बोललात?"

"बोललो असतो तर उद्या अळणी केलं असतंस."

काकूंना हसू फुटलं आणि त्या हलल्या.

"हसू नको!" अप्पा ओरडले. मग पुन्हा आवाज खाली. "हसू नको गं. मागनं हसू. लेकीचा फोन आलता का काल?"

"आलता. येती म्हनली यात्रंला."

"मग पुरन घालशील का न्हाय?"

"डाळ आनाया लागंल."

"आनू. दोघं जाऊन आनू मंडईतनं. माझ्याकडं बघ. तारंकडं बघू नको, माझ्याकडं बघ."

असंच चाललं होतं. डाळ, गूळ, लेकीची सासू, लग्नाच्या पहिल्या वर्षी काकू विहिरीत वाकून बघताना घसरल्या आणि अप्पांनी दंड धरून ओढलं ती गोष्ट. तोंडाने बोलत होते, पण अप्पांची नजर काकूंच्या पायांवरून हलत नव्हती. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता. तो पुसायलाही हात वर गेला नाही. मी फोन कानाला लावून उभी होते. उन्हं वर आली. काकूंचे पाय थरथरायला लागले, ते इथून दिसत होतं.

"अवो," काकू म्हणाल्या. आवाज लहान मुलीसारखा आला. "मला आता भ्या वाटतंय."

अप्पा एक पाऊल पुढे आले. बांधाच्या अगदी टोकावर. आणखी एक पाऊल आणि ते बुटांसकट पाण्यात गेले असते. मी त्यांचा सदरा मागून घट्ट धरला.

"वाटू दे," ते म्हणाले. "मी हाय न्हवं? भ्यायचं काम माझं. तू नुसती उभी ऱ्हा."

मग मोटर बंद पडली.

शेडमधली घरघर थांबली आणि सगळं शेत एकदम शांत झालं. तारेचं चुरचुरणं थांबलं. काकूंनी पाय उचलायला पाहिलं. अप्पांनी हात वर केला, "न्हाय." वीज जाते तशी येते, त्यांचा तिच्यावर भरवसा नव्हता. आम्ही तसेच उभे राहिलो, ते पटवर्धनकाकांची स्कूटर फटफटत येईपर्यंत. मागे वायरमन बसला होता. काकांच्या बनियनला ग्रीस लागलं होतं आणि दोन्ही हातांत चिनी मातीचे पांढरे फ्यूज होते.

"काढून बरोबरच आणले," ते धापा टाकत म्हणाले. "म्हटलं, तिथे ठेवले तर कोणीतरी कर्तव्यदक्ष माणूस परत लावेल."

वायरमनने खात्री करून हात हलवला. काकू चालत आल्या. बांधावर चढल्या, खुरपं खाली टाकलं, आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "सदरा बघा काय केलाय घामानं." अप्पा बसले. बसले म्हणजे पाय गेले त्यांचे. उठायला गेले तर उठता येईना. शेवटी एका बाजूने पटवर्धनकाकांनी आणि दुसऱ्या बाजूने मी धरून त्यांना घरी आणलं, आणि काकू मागून, कुणी न विचारता, मीठ जास्त झालंच नव्हतं हे सांगत आल्या.

चौकशी झाली. त्यातून काही निघालं नाही. तार जोडली गेली, कललेला खांब सरळ झाला आणि पाऊस यायच्या आत नवी लाइनही सुरू झाली. आता शेतावर दोन आवाज होते. मला वाटलं, काकू आता काही शेतात पाऊल ठेवणार नाहीत.

त्या गेल्या. थोडे दिवस अंथरुणावर पडून होत्या, मग एका सकाळी खुरपं घेऊन निघाल्या. "कोथिंबीर माझ्यासाठी थांबती व्हय?" आणि अप्पा, ज्यांनी आयुष्यात त्या तारेखालून पाऊल टाकलं नव्हतं, ते गोणपाटाची घडी काखेत मारून त्यांच्या मागोमाग गेले. मी खिडकीतून पाहत होते. बांधापाशी ते थांबले. बराच वेळ वर बघत राहिले. मग मान खाली घालून, थंड पाण्यात उतरावं तसे, शेतात उतरले. त्यानंतर रोजचंच झालं. काकू खुडायच्या, अप्पा वाफ्याच्या कडेला गोणपाटावर बसून त्यांच्याशी, नाहीतर आकाशाशी, मोठमोठ्याने बोलत राहायचे.

एकदा संध्याकाळी ऑफिसातून येताना मी वाटेत थांबले.

"काय अप्पा, भीती गेली वाटतं?"

"गेली? छ्या! लई वाटती." त्यांनी वर पाहिलं. "बसल्या जागी काळीज थाडथाड उडतंय. हात लावून बघा."

"मग घरी बसायचं की."

"घरी बसलो की सगळी एकट्यालाच वाटती, ताई," अप्पा म्हणाले. "हितं निदान दोघांत..."

"दोघांत कुठली?" काकू मान वर न करता म्हणाल्या. "मला काय बी वाटत न्हाय. सगळी ह्यांचीच हाय."

"न्हाय वाटत?"

"न्हाय म्हनलं न्हवं!"

त्यांनी एक जुडी बांधून अप्पांच्या मांडीवर टाकली. अप्पांनी ती उचलून मला दिली, आणि मी निरोप घेऊन निघाले. बांधावर चढल्यावर सहज मागे पाहिलं. काकू पुन्हा खुडायला लागल्या होत्या, अप्पांपासून हाताच्या अंतरावर, वाकल्या की पदर त्यांच्या गुडघ्याला लागेल इतक्या जवळ. तेवढाच एक वाफा स्वच्छ होता. पलीकडच्या सगळ्या वाफ्यांतली कोथिंबीर काढायची राहून गेली होती. ती उंच वाढली होती आणि तिला पांढरी फुलं आली होती.